एका बिडीत अकरा चित्रं

माय,

तुझी टेप सापडली. काल दुपारी शूटिंगवाल्या भाऊंनी फोन करून सांगितलं आणि संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात जाऊन ती हातात घेऊन पाहिली. काळी, जाड, जुन्या पद्धतीची व्हीएचएस कॅसेट. पाठीवरच्या कागदावर त्यांच्या अक्षरात 'रोवणा गाना, कच्चा' असं लिहिलेलं आहे. त्यावर निळ्या पेनानं रेघ मारली आहे आणि खाली 'शादी, बारात तक' असं आहे. म्हणजे त्याच टेपवर नंतर कुणाचं तरी लग्न शूट झालं. लग्न टेपच्या किती भागावर चढलं, हे भाऊंना आठवत नाही. आत पांढरी बुरशी धरली आहे, म्हणून मशीनमध्ये घालून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. आज सकाळी मी ती नागपूरला पाठवली. तिथे जुन्या टेपा साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक माणूस आहे. एवढंच पक्कं आहे. बाकीचं गुरुवारी कळेल.

बघ, तुला लिहितानाही ताजी गोष्ट आधी आणि ती कुणी सांगितली ते लगेच. पेपरात इतकी वर्षं काढल्यावर हात तसाच चालतो. तुला जाऊन तेरा वर्षं झाली. तुझे फोटो घरात चार आहेत, चारही सरळ उभी राहून काढलेले, डोळे मोठे करून. हलणारी अख्खी तू कुठेच नाहीस. प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आला त्याच्या आधी तू गेलीस. असलीच तर त्या टेपवर आहेस, चिचगडच्या रस्त्यावरच्या तलावाखालच्या धानाच्या बांधीत, चिखलात पाय रोवून गाणारी. म्हणून आज तुला लिहायला बसले.

आपल्याकडे टीव्ही आला तो नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात. कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्यानं नवा घेतला आणि जुना बाबांना देऊन टाकला, बाबांचा ट्रक रोज त्याच्याकडेच थांबायचा. चित्र झकास होतं, आवाज मात्र गेलेला. बाबा म्हणाले, दुरुस्त करू. तू म्हणालीस, "राहू द्या. भांडण नाही होत त्याच्याशी." आणि तो तसाच राहिला, मुका. दुपारी तू भिंतीला टेकून बसतेस, मांडीवर सूप, सुपात तेंदूची ओली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळायचं, नखानं टोक दुमडायचं, दोरा. हातांना डोळ्यांची गरजच नव्हती. त्यामुळे डोळे पूर्णवेळ टीव्हीवर. आणि टीव्हीवर गाणी.

मी तेव्हा बी.ए.ला होते आणि मला वाटायचं की तुला त्यातलं काही कळत नाही. तू बोलायला लागलीस तेव्हा आधी मी हसायचे. "अवं, एका कडव्यात पाच लुगडे बदलवले तिनं. धुवाले कोण आहे हिच्या घरी?" मग थोड्या वेळानं, "वारा फक्त तिच्याच केसाले लागून राहिला. मांगचं झाड पाह्य, पान हालत नाही." नायिकेच्या मागे एकाएकी वीस मुली नाचायला लागल्या की तुझा ठरलेला प्रश्न, "ह्या कोणाच्या पोट्ट्या होत? गाणं सरलं का कुठी जातेत?" एक दिवस तू हात न थांबवता म्हणालीस, "धुरपद आलं का तोंड, वाजंत्री आली का डोंगर." मी पुढची तीन गाणी लक्ष देऊन बघितली. धृपदाच्या ओळीवर प्रत्येक वेळी चेहरा जवळून आणि मधल्या वाद्यांच्या तुकड्यावर प्रत्येक वेळी दरी, नदी, डोंगर. आवाज बंद असूनही तुला कळत होतं की गाणं कुठे पोचलं आहे. पुढे मी या विषयावर जे काही वाचलं त्यात हा नियम पानंच्या पानं समजावून सांगितलेला होता. तू तो एका ओळीत सांगून पुढचं पान कापायला घेतलं होतंस.

आणि मग तुझी मोजणी. एक बिडी बांधून होईस्तोवर पडद्यावर किती चित्रं बदलतात ते तू मोजायचीस. जुनं गाणं लागलं की, "एका बिडीत दोन. जमते." नवं लागलं की, "अकरा! अकरा चित्रं एका बिडीत. मानसानं पाहावं का पापणी लववावी?" मी एकदा बाबांचं घड्याळ घेऊन तुझ्याशेजारी बसले. तू चिडलीस, "माझ्या बिडीले घड्याळ लावतं का वं? कारखान्यातला मुनीम झाली का तू?" तुझी एक बिडी म्हणजे अर्धा मिनिट, एखादा सेकंद इकडेतिकडे. आजही मी याच मापानं मोजते. कुणाला सांगत नाही.

तुझा आणखी एक खेळ होता. मुक्या टीव्हीवर कुणीतरी ओठ हलवत असायचं आणि तू त्यावर तुझं रोवण्याचं, म्हणजे धानाच्या लावणीचं गाणं म्हणायचीस. बर्फात उभ्या असलेल्या त्या गोऱ्यापान बाईच्या तोंडून तुझा आवाज यायचा, "वल्या मातीत पाय माझा गं, कोन्या गावचा धनी." ओठ बरोबर मिळायचे. तू तिच्या तोंडाकडे बघून ओळ लांबवायचीस, आखडायचीस, ती श्वास घेईल तिथे श्वास घ्यायचीस. शेजारच्या बाया हसून लोटपोट व्हायच्या. कुणाच्याही ओठांवर तू आपला आवाज बसवू शकायचीस. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मी स्वतःची समजूत याच आठवणीनं घातली.

शिकून मी पेपरात लागले. आधी गोंदियाच्या पानावर रस्ते, सभा, अपघात, आणि मग पुरवणीत आठवड्याला एक मजकूर, गाण्यांच्या व्हिडिओंवर. तेव्हा घरोघर केबल आली होती आणि संपादकांना वाटलं की लोक चोवीस तास बघतात त्यावर कुणीतरी लिहायला हवं. मंगळवारी पाचच्या आत मजकूर द्यायचा असे. पहिल्याच मजकुरात मी वाचकांना सांगितलं की गाणं समजून घ्यायचं असेल तर आधी आवाज बंद करून बघा. लोकांना ते फार आवडलं. ती युक्ती कुठून आली हे मी लिहिलं नाही. बिघडलेल्या टीव्हीतून आली असं लिहायची तेव्हा लाज वाटली.

त्याच सुमारास शूटिंगवाले भाऊ आपल्या घरी आले. गोंदियाच्या बाजारात त्यांचं दुकान, लग्नाच्या शूटिंगचं. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी तुला गाताना ऐकलं होतं. त्यांना आठ गाण्यांची व्हीसीडी काढायची होती, आपल्या भागातल्या गाण्यांची. "काकी, रोवण्याचं गाणं तुमचंच पाहिजे. आवाज एकदम ओरिजिनल." तू म्हणालीस, "ओरिजिनल म्हंजे मोठा होय ना?" नागपूरच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड झालं. काचेपलीकडच्या माणसानं हात खाली केला की ओळ थांबवायची असं तुला सांगितलं होतं, आणि तू तसंच केलंस. परत येताना बसमध्ये म्हणालीस, "खोलीत थंडी लय होती. पण गाणं बरं झालं."

शूटिंगला मी बरोबर होते. कुठल्या ओळीला काय दाखवायचं याची यादी मीच वहीत लिहिली होती. भाऊ मला दीदी म्हणायचे, वयानं मोठे असून. रोवणे सुरू होते, आभाळ भरलेलं, तलाव पाळीला टेकलेला. ऑटोच्या बॅटरीवर टेपरेकॉर्डर लावला होता, त्यावर तुझं गाणं वाजणार आणि तू नुसते ओठ मिळवणार. तू लुगडं खोचून बांधीत उतरलीस, डाव्या हातात रोपांची पेंडी. लहानपणापासून पाहिलेली तीच डौलदार वाकलेली पाठ. टेप सुरू झाली. पहिली ओळ अर्ध्यापर्यंत बरोबर. मग टेपमधली तू थांबलीस आणि बांधीतली तू गातच राहिलीस.

"कट!" भाऊ म्हणाले. "काकी, टेप थांबली का तुम्ही पण थांबा ना."

"थांबू कशी? पेंडी आहे ना हातात."

"तो क्या हुआ?"

"मूठ रिकामी झाल्याबिगर ओळ सरत नाही, भाऊ. रोवण्यात ओळ तेवढीच ऱ्हायते. तुमची टेप मधातच सोडून देते."

"अरे काकी, टेप में आप ही हो!"

तू कंबरेवर हात ठेवून सरळ झालीस, विचार केलास आणि म्हणालीस, "मी असीन तं मी चुकली होती तिथं."

मागच्या बाया हसल्या, भाऊ हसले, मीही हसले. मग पुन्हा. असे सात टेक. प्रत्येक वेळी पेंडी लहानमोठी, म्हणून ओळही लहानमोठी. नुसते ओठ हलवणं तुला जमत नव्हतंच, तू खरंच गात होतीस, मोठ्यानं. टेपरेकॉर्डरमधून एक तू आणि बांधीतून दुसरी, मिळून सुरू व्हायच्या आणि शेवटी वेगळ्या व्हायच्या. कुणाच्याही ओठांवर आवाज बसवणारी तू, स्वतःच्या आवाजावर स्वतःचे ओठ तुला बसवता येईनात.

भाऊंनी मला मोहाच्या झाडाखाली बाजूला घेतलं. "दीदी, लिप नहीं मिल रहा. क्या करें, तुम बोलो." त्यांनी मला विचारलं होतं, माय. सांगितलं नव्हतं. मला किती गोष्टी सुचायला हव्या होत्या! तुझ्या हातातली पेंडी काढून घेतली असती आणि तुला बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर नुसतं उभं केलं असतं तर तू स्टुडिओतल्यासारखी भाऊंच्या हाताकडे बघून थांबली असतीस. तुला लांबून दाखवता आलं असतं, पाठमोरी दाखवता आलं असतं. पण माझ्या वहीत लिहिलेलं होतं, धृपद, चेहरा, जवळून. तू गंमत म्हणून काढलेला नियम मी कायदा करून तुझ्यावरच चालवला. मी म्हणाले, "एखादी पोरगी घेऊ. कॉलेजात नाचते एक." तुझा आवाज कुणाच्याही ओठांवर बसतो, असं मी मनाशी म्हटलं.

आणि घरी येऊन तुला सांगितलं, "माय, टेप खराब निघाली. तुझं काहीच आलं नाही."

तू सूप मांडीवर ओढलंस. "मंग उद्या पुन्हा जाऊ."

"उद्या भाऊंकडे दुसरी पोरगी येऊन राहिली. आवाज तुझाच राहीन."

तू दोरा दातानं तोडलास. एवढंच विचारलंस, "तिले रोवता येते का?"

तिला येत नव्हतं. मुलगी गुणी होती, हसरी, ओठ पहिल्याच वेळी अचूक मिळाले. पण रोपं तिनं भाजीच्या जुडीसारखी धरली, आणि चिखलात हात घालताना नेलपॉलिश दिसलं. म्हणून मग हात तुझे घेतले. तू आलीस, बांधीत वाकलीस, भाऊंनी फक्त कोपरापासून खालचं शूट केलं आणि तू कुणाला काही न विचारता परत गेलीस. असा तो व्हिडिओ झाला. चेहरा तिचा, आवाज तुझा, हात तुझे. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. चित्रांची अशी जोडणी करायची असते, असं मी पुढे दोनदा लिहिलंसुद्धा, दुसऱ्या गाण्यांची उदाहरणं देऊन.

व्हीसीडी आपण शेजारी बघितली, त्यांच्याकडे प्लेअर होता. आवाज असलेला टीव्ही. सगळा मोहल्ला जमला होता. भाऊंच्या मशीनमध्ये लग्नाचेच इफेक्ट होते, ते त्यांनी उदारपणे वापरले होते. पान उलटल्यासारखं चित्र उलटायचं, आणि एका जागी तर हिरव्यागार बांधीच्या मधोमध लाल बदाम उघडून त्यातून ती मुलगी बाहेर आली. "रोवण्यात हा दिल कुठून उगवला वं?" तू म्हणालीस आणि सगळे हसले. मग तुझे हात आले. पाच-सहा सेकंद. तंबाखूनं पिवळं झालेलं अंगठ्याचं नख स्पष्ट दिसलं. तू हळूच म्हणालीस, "हे माझे." गाणं संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. तू नेहमीसारखीच बोललीस, टीव्हीवरच्या कुठल्याही गाण्याबद्दल बोलावंस तशी. "पोरगी गोड आहे. पण बांधीत पाय ठिवून वर कोन पाह्यते? रोवणारनीची नजर खाली ऱ्हायते. आन एका बिडीत चवदा चित्रं केले भाऊनं. इतक्यात कोनाचा चेहरा मनात ऱ्हायल?"

नंतरच्या वर्षी तुझा खोकला वाढला. थंडीत तुझी खाट अंगणात उन्हात असायची आणि सूप घराच्या आत, कारण डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला लावली होती. हात रिकामे असल्यानं तुला करमत नव्हतं. मी शनिवारी गोंदियाहून यायचे. अशाच एका दुपारी तू आभाळाकडे बघत विचारलंस, "ते टेप खरंच खराब झाली होती का वं?"

मी म्हणाले, "हो माय."

"काऊन विचारून राहिली म्हनशील. मले फक्त पाहाचं होतं, मी कशी दिसतो गातानी."

मी तुझ्या अंगावरची शाल सारखी केली. पंधरा दिवसांनी तू गेलीस.

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं. गाण्यातलं पाणी, गाण्यातल्या खिडक्या, कॅमेऱ्याकडे बघून गाणं आणि न बघता गाणं यातला फरक, ठेक्यावर चित्र तोडायची सवय, रात्र दाखवायची म्हणून सगळं निळं करायची सवय. कॉलेजच्या पोरांच्या कार्यशाळा घेतल्या. आता तेच मोबाइलवर गाणी शूट करतात, तलावावर, धबधब्यावर, बिरसीच्या विमानतळाच्या कुंपणाशीही. प्रत्येक कार्यशाळेत मी सांगत आले की ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर बघणाऱ्याचा विश्वास तुटतो, ही या प्रकारातली पहिली चूक. मागच्या महिन्यात एका मुलीनं तिच्या आजीचं गाणं दाखवायला आणलं. आजी जात्याशी बसून गात होती आणि आवाज वेगळा भरलेला होता. ओठ जुळत नव्हते. मी ते दाखवायला पॉज केलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, जुळत नाही मले माहीत आहे. पण तिनं दोन्ही वेळा खरंच गायलं ना." वर्ग हसला. मी पोरांना चहाला सोडलं आणि बाहेर जाऊन भाऊंना फोन लावला.

ते दुकान बंद करताहेत. लग्नं आता मुलंच शूट करतात. माळ्यावर टेपांची पोती होती, रद्दीत जायची होती. मी म्हणाले, भाऊ, माझ्या मायची टेप. "जो खराब हुई थी, वो?" असं त्यांनी विचारलं. तुला सांगितलेलं कारण त्यांना माहीत होतं, माझी लाज राखायला असेल. मग म्हणाले, "ढूँढता हूँ दीदी. सीज़न में टेप कम पड़ी होगी तो ऊपर शादी चढ़ा दी होगी. पर शादी मैं आधी टेप तक ही चढ़ाता था." अर्धी. या शब्दावर मी तीन आठवडे काढले. तुझे सातही टेक त्या टेपच्या शेवटाकडे होते, कारण सकाळी आम्ही आधी तलाव, बगळे आणि आभाळ घेतलं होतं. 'वाजंत्री आली का डोंगर' म्हणून. तेव्हा लग्न जर खरंच वरातीपर्यंतच असेल, तर त्याखाली बगळे पुसले गेले असतील आणि पुढे तू असशील. आणि बुरशी पुढपर्यंत गेली असेल, तर मी तुला जे खोटं सांगितलं होतं ते खरं झालेलं असेल.

नागपूरच्या माणसाला मी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. चित्र कितीही खराब असलं तरी एकही तुकडा टाकायचा नाही. आणि आवाज जुळवायचा नाही. टेपरेकॉर्डरमधली एक आणि चिखलातली एक, दोन्ही ऐकू आल्या पाहिजेत. तो म्हणाला, मॅडम, लोक तर जुळवायचेच सांगतात. मी म्हणाले, या वेळी नको.

हे पत्र कुठे पाठवू? तुझा पत्र्याचा फर्मा माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्याच्याखाली ठेवीन. एक गोष्ट राहिली, तेवढी लिहिते. ती व्हीसीडी मी शंभरदा पाहिली असेल. तुझ्या हातांवर थांबवून, मागे नेऊन, पुन्हा थांबवून. पण त्या शेजारच्या घरानंतर एकदाही आवाज चालू ठेवून नाही. लोकांना वाटतं ही माझी अभ्यासाची पद्धत आहे. मला तुझा आवाज दुसऱ्या तोंडातून ऐकवत नाही, माय, आणि ते तोंड मीच आणलं होतं.

गुरुवारी चारनंतर नागपूरहून त्याचा फोन येईल. लग्न निघालं तर वरातीपर्यंत बघीन, कुणाची का असेना. तू निघालीस तर आवाज पूर्ण मोठा करीन. सातही टेक नकोत. एका बिडीपुरती दिसलीस तरी पुरे.